एसीसी (सिमेंट नव्हे!) : लाळग्रंथीच्या सावकाश कॅन्सरसोबत राहणाऱ्यांसाठी

खडूफळा

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं वाचनमात्रच आहे, पाककृतींच्या धाग्यांवर अधूनमधून नाक खुपसते तेवढंच. आज जरा वेगळ्या कामासाठी धागा काढतेय.

मला अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा आहे. लाळग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टर मंडळी एसीसी म्हणतात. घरात हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा सासरे म्हणाले, एसीसी म्हणजे सिमेंट ना? या नावाने आमच्याकडे फार घोळ घातले. अ‍ॅडिनॉइड ऐकून जाऊबाई म्हणाल्या अगं आमच्या धाकट्याचे पण काढले होते तिसरीत असताना, दोन दिवसात पळायला लागला. सिस्टिक ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या सिस्टच आहे ना, मला ओव्हरीत दोन होत्या, घाबरू नकोस. तिसरा शब्द कोणी ऐकतच नव्हतं आणि मीही तो हळूच म्हणायचे.

हकीकत थोडक्यात सांगते (थोडक्यात जमत नाही, शिक्षिका आहे). २०१५ च्या दिवाळीत जिभेला टाळूवर उजवीकडे एक उंचवटा लागायला लागला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. दुखत नव्हता, काही नाही. चकलीचं टोक लागलं असेल म्हणून सोडून दिलं. मग आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांना दाखवलं तर दाढेचं मूळ सुजलंय म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालं, एक रूट कॅनाल झालं, पैसे झाले, उंचवटा तिथेच. मार्चमध्ये लक्षात आलं की त्या बाजूला चहा गरम आहे की गार तेच कळत नाहीये, टाळूचा तेवढा तुकडा बधीर. ते ऐकल्यावर दुसऱ्या एका तरुण डॉक्टरणीने हातातलं सगळं खाली ठेवलं आणि म्हणाली मॅडम, याची बायप्सी करूया. तंबाखू, मिश्री, सुपारी काही नाही हो मला. बडीशेपसुद्धा नको असते.

मे २०१६ मध्ये परळला टाटाला ऑपरेशन झालं, उजवीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा भाग काढला. मग ३३ शेक, म्हणजे रेडिएशन. आता त्या भोकावर ऑब्ट्युरेटर बसवते, म्हणजे कवळीच पण वर फुगीर बूच असलेली. घरात त्याला 'झाकण' म्हणतात. सहा वर्षं सगळं छान. २०२२ मध्ये छातीच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी दिसल्या, सगळ्यात मोठी ८ मिमी. डॉक्टर म्हणाले आत्ता काही करायचं नाही, बघत राहायचं. तेव्हापासून बघतेय. शाळेत जाते, पाचवी आणि सहावीला गणित शिकवते, गौरीचे लाडू करते, आणि छातीत गाठी आहेत.

आता धागा का, तर एक प्रश्न छळतो. भेटेल तो विचारतो 'झालं ना आता बरं?' आणि मला उत्तर येत नाही. पाच वर्षं काढली की कॅन्सरमधून सुटलो हे सगळ्यांना पाठ असतं. या आजारात पाच वर्षांना तसा अर्थच नाही, दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनीसुद्धा परत येतो. 'मला कॅन्सर होता' म्हणू की 'आहे' म्हणू यावर नवऱ्याशी कायम वाद. तो म्हणतो होता म्हण, लोक घाबरत नाहीत. मी म्हणते व्याकरणात खोटं बोलवत नाही.

इथे अजून कोणी आहे का असं? जगणं कसं चालू आहे ते लिहा. खाणं, बोलणं, दात, पैसे, काहीही चालेल.

कोल्हापुरी_ठसका

बाई, सलाम. एवढं हसत कसं लिहिता? मला यातलं काही माहीत नाही पण धागा वाचणार.

बेलापूरकर

मी आहे. पॅरोटिड, डावी, २०१९. म्हणजे कानाच्या पुढची ती गालगुंडात सुजते ती ग्रंथी. बायको म्हणत होती दाढी करताना एक गाल फुगलेला दिसतो, मी म्हणायचो वय झालं. सुईने तपासलं (एफएनएसी) तेव्हा साधी गाठ म्हणाले, प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. काढल्यावर रिपोर्ट आला एसीसी. दुसरं ऑपरेशन करावं लागलं आणि चेहऱ्याची नस आतून जाते ती गाठीने धरलेली होती म्हणून तीही कापली.

त्यामुळे माझा डावा चेहरा सुट्टीवर असतो. डोळा पूर्ण मिटत नाही, वरच्या पापणीत सोन्याचं बारीक वजन बसवलंय (आईला केवढं कौतुक, 'पोराने डोळ्यात सोनं घातलं'). रात्री जेल आणि टेप. लोकलमध्ये दारात उभा राहत नाही, वाऱ्याने डोळा कोरडा होतो. पाणी पिताना डावीकडून गळतं म्हणून उजवीकडून पितो. हे सगळं सवयीचं झालं. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची, फोटो. पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफर तीनदा म्हणाला काका स्माइल. चौथ्यांदा मीच म्हटलं बाबा अर्धंच येतं, घ्यायचं तर घे.

होता/आहे बद्दल : मी 'ऑपरेशन झालंय' म्हणतो. ते खरंच आहे आणि कोणी पुढे विचारत नाही.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रुग्ण तपासत नाही, त्यांच्या गाठी तपासते. त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती समजा.

तीन मोठ्या ग्रंथींच्या जोड्या आपल्याला माहीत असतात : कानापुढची, जबड्याखालची, जिभेखालची. पण त्याशिवाय तोंडात, टाळूत, ओठांच्या आत, घशात ६०० ते १००० बारक्या लाळग्रंथी असतात. खडूफळाताईंची गाठ अशाच एका बारकीतून आली. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखू, आणि ते बरोबरच आहे कारण माझ्या टेबलावर येणारे बहुतेक तसेच असतात. एसीसीचा तंबाखूशी संबंध सापडलेला नाही. डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरांत हा शंभरात एखादा. म्हणून ताई, दातांच्या डॉक्टरांना तो दिसला नाही याचा राग येणं साहजिक आहे, पण बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तो फार देखणा दिसतो हो, माफ करा पण खरं आहे. गोल गोल भोकांची जाळी. पुस्तकात स्विस चीजची उपमा आहे, मी विद्यार्थ्यांना जाळीदार घावन सांगते, लगेच कळतं. जाळीचा प्रकार आणि नळ्यांचा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य. भोकं बुजून भरीव झाला असेल तो वाईट, भराभर जातो. म्हणून रिपोर्टमध्ये भरीव भाग किती टक्के ते लिहिलेलं असतं, ते नक्की वाचा.

याची खोड म्हणजे नसा. मानेतल्या लसिकाग्रंथींकडे हा फारसा जात नाही, नसांच्या कडेकडेने चालतो, वेल कुंपणावर चढते तसा. टाळूपासून नस धरून कवटीच्या तळापर्यंत जाऊ शकतो. बधिरपणा, मुंग्या, न समजणारं दुखणं ही त्याची पावलं. सर्जनने गाठीभोवतीची चांगली कड (मार्जिन) कितीही घेतली तरी नसेच्या आत दोन पेशी पुढे गेलेल्या असू शकतात, म्हणून नंतर बहुतेक वेळा शेक देतात. आणि रक्तातून गेला तर पहिला मुक्काम फुप्फुस.

२००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की यात ६ आणि ९ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन मिब आणि एनएफआयबी ही जनुकं एकमेकांना चिकटतात. हे गाठीच्या पेशीत घडतं, आईबापांकडून येत नाही. मुलांना होईल का हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो म्हणून लिहिलं.

बेलापूरकर, सुईच्या तपासणीत या दोन गाठींची गल्लत होते हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. सुई जाळीतल्या कुठल्या भागात गेली त्यावर असतं.

खडूफळा

स्लाइडवाली, घावनाची उपमा! आता आयुष्यात घावन खाताना आठवणार. पण छान समजलं, इतक्या वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं.

माझ्या रिपोर्टमध्ये जाळीचाच होता, भरीव नाही. नऊ वर्षं झाली तरी तो कागद मी दर सीटीच्या आदल्या रात्री काढून वाचते, जणू मधल्या काळात बदलला असेल.

निसर्ग_हाच_डॉक्टर

ताई, वाईट वाटून घेऊ नका पण अ‍ॅलोपॅथीने तुमचा जबडा घालवला. साखर पूर्ण बंद, गव्हांकुराचा रस सकाळी अनशापोटी, कडुलिंबाची पानं आणि गोमूत्र अर्क. आमच्या ओळखीत एकांच्या फुप्फुसातल्या गाठी दोन वर्षं वाढल्याच नाहीत. विश्वास ठेवून करून बघा.

कोल्हापुरी_ठसका

आले!

खडूफळा

नको हो, त्यांना ओरडू नका, त्यांनी मनापासून लिहिलंय. पण उत्तर देते कारण हे मला आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागतं.

२०२२ मध्ये माझी मोठी गाठ ८ मिमी होती. २०२४ मध्ये ९. त्या दोन वर्षांत मी काय घेतलं? काही नाही. पुरणपोळी, तूप, बासुंदी, दोन लग्नांतली जिलबी. गव्हांकुर घेतला असता तर आज मीच गावभर सांगत फिरले असते की बघा, गव्हांकुराने गाठ थांबली, आणि मनापासून सांगितलं असतं, खोटं नाही. हा आजार असा आहे की त्याच्याबरोबर काहीही घ्या, दोन वर्षं त्याला श्रेय मिळतं. तुमच्या ओळखीतल्यांची गाठ वाढली नाही ते खरंच असेल. माझीही फार वाढली नाही, जिलबीवर.

जबड्याचं म्हणाल तर तो गेला म्हणून मी इथे टाइप करतेय.

स्लाइडवाली

ताई, हा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवू का?

खडूफळा

दाखवा की. फक्त जिलबीचं औषध म्हणून पेटंट घेऊ नका.

गवतीचहा

माझी गाठ साधीच निघाली होती (पॅरोटिड, प्लिओमॉर्फिक) म्हणून इथे लिहू की नको विचार करत होते. पण एक विचारायचंय. ऑपरेशनला तीन वर्षं झाली आणि जेवायला बसलं की त्या गालावरून घाम येतो. लोणचं नुसतं ताटात वाढलं तरी. सासूबाईंना वाटतं मला तिखट सोसत नाही. असं कोणाला होतं का?

स्लाइडवाली

होतं, त्याला फ्रेज सिंड्रोम म्हणतात. ग्रंथी काढताना तिला 'लाळ सोड' सांगणाऱ्या बारीक नसा तुटतात, त्या परत वाढताना ग्रंथी सापडत नाही म्हणून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडल्या जातात. तार चुकीच्या मीटरला. आता मेंदू म्हणतो लोणचं आलं, लाळ सोड, आणि गाल घाम सोडतो. धोका काही नाही, फार त्रास असेल तर बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, सर्जनना विचारा.

गवतीचहा

देवा! तीन वर्षं मी फॅनखाली बसून जेवतेय. सासूबाईंना वाचून दाखवते.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. बायकोला २०१३ मध्ये जबड्याखालच्या ग्रंथीत झाला, एसीसीच. ती स्वतः लिहीत नाही, म्हणते तू लिही, मी कंटाळले या विषयाला.

तिचा मुख्य त्रास कोरडं तोंड. आम्हाला डॉक्टरने समजावलं की जेवताना सुटणारी लाळ मोठा वाटा कानापुढच्या ग्रंथीची, पण जेवत नसताना दिवसभर तोंड ओलं ठेवते ती जबड्याखालची. तिची एक काढली आणि दुसरीला थोडे शेक लागले. रात्री तीनदा उठून पाणी पिते. भाकरी तर विसराच, पोळीसुद्धा दुधात नाहीतर आमटीत बुडवून. चितळ्यांची बाकरवडी ही तिची सगळ्यात आवडती गोष्ट, ती आता कढीत टाकून खाते, पुणेकरांनी मला मारू नये. लाळ नाही म्हणून दात पटापट किडतात, रात्री ट्रेमध्ये फ्लोराइड जेल घालून लावते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेक झालेल्या जबड्यातला दात कुठल्याही डेंटिस्टला सहज उपटू देऊ नका. हाडाला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचंच.

इथे अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा रिसर्च फाउंडेशन आहे, २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका जोडप्याने काढलं, बायकोला हा आजार झाल्यावर. औषध कंपन्यांना एवढ्या थोड्या रुग्णांत रस नसतो म्हणून यांनीच संशोधनाला पैसे द्यायला सुरुवात केली. त्यांच्या कार्यक्रमाला गेलो होतो एकदा. एका खोलीत एसीसीचे एवढे लोक बघून बायको रडली, दहा वर्षांत तिने दुसरा एकही पाहिला नव्हता. एक आजीबाई भेटल्या, फुप्फुसात गाठी घेऊन चौदा वर्षं झालेली. दुसऱ्या एका पस्तिशीच्या मुलाची मात्र दीड वर्षात… असो. दोन्ही खरंच आहे.

औषधाचं : लेन्व्हॅटिनिब नावाची गोळी आहे, मुळात थायरॉइड कॅन्सरची. २०१९ मध्ये एसीसीवरच्या चाचणीचे निकाल आले, ३२ पैकी ५ जणांची गाठ मोजण्याइतकी आटली, २४ जणांची होती तेवढीच राहिली. बीपी वाढतं, थकवा येतो, बऱ्याच जणांना डोस कमी करावा लागतो. म्हणून तर गाठी सावकाश असताना कोणी घाईने सुरू करत नाही.

बेलापूरकर

एडिसनकर, त्या चौदा वर्षांच्या आजींबद्दल वाचून आज जरा बरं वाटलं. पुढचं वाक्य वाचायला नको होतं, पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

मोगरा_देवरुख

माझ्या वडिलांना हेच निघालंय. वय ६८, जबड्याखाली उजवीकडे गाठ, चार वर्षं होती हो, आम्ही सगळे म्हणायचो गळवासारखं काहीतरी असेल. बायप्सीचा रिपोर्ट परवा आला. मी एकटीच मुलगी, आई नाही. बाबांना फक्त गाठ काढायची आहे एवढंच सांगितलंय, कॅन्सर हा शब्द काढलेला नाही. मुंबईला घेऊन जायचंय पण तिथे आमचं कोणीच नाही. सावकाश वाढतो म्हणतात तर या वयात ऑपरेशन न करता तसंच ठेवलं तर चालेल का? माझं डोकं चालत नाहीये, जे सुचेल ते सांगा.

खडूफळा

मोगरा, आधी पाणी पी, मग वाच. (अगं म्हणतेय, चालेल ना? माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची वाटलीस.)

सावकाश म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पहिली गाठ काढता येत असेल तर काढतात, कारण ती नसेवरून वर सरकली की मग काढणं अवघड. 'बघत राहू' हे माझ्यासारख्या छातीतल्या गाठींना म्हणतात. तब्येत चांगली असेल तर ६८ काही फार नाही. पण हे सर्जनने बघून सांगायचं, मी नाही.

नेताना बायप्सीचा नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात ठेवतात तो) दोन्ही मागून घे. मोठ्या ठिकाणी ते स्वतः परत बघतात. माझा ब्लॉक एका लॅबने गहाळ केला आणि परत टोचून घ्यावं लागलं, त्यात दोन आठवडे गेले. तिथे सही करून घे, सही करून दे. एमआरआय आणि छातीचा सीटी सांगतील. शेक लागणार असतील तर त्याआधी दातांची तपासणी, खराब दात तेव्हाच काढून घ्यायचे, एडिसनकरांनी लिहिलंय त्या कारणासाठी.

राहायचं म्हणशील तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, टाटाचे बाहेरगावचे कितीतरी पेशंट तिथे राहतात. आम्ही शेकांच्या वेळी राहिलो होतो काही दिवस. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात आधी जा, ते चिठ्ठी देतात, बाकीच्या धर्मशाळाही त्यांना माहीत असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तिथेच विचार, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेव. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर धावाधाव करून उपयोग नाही.

आणि बाबांना सांग गं. टाटाच्या गेटातून आत नेल्यावर काय सांगणार आहेस, चहाची कंपनी आहे म्हणून?

मोगरा_देवरुख

रडता रडता हसले. म्हणा हो अगं, चालेल.

स्लाइडवाली

ताईंच्या लिहिण्यात एकच भर. रिपोर्टमध्ये 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' (म्हणजे नसेच्या कडेने शिरलेला) असं काही दिसलं तर हादरू नकोस, या आजारात ते बहुतेकांना असतंच. शेकाच्या बाबतीत कवटीच्या तळाजवळ असेल तर प्रोटॉनच्या शेकाचा विचार करतात, चेन्नईला २०१९ पासून आहे आणि आता खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकलाही (टाटाचंच केंद्र) आहे, पण जबड्याखालच्या गाठीला नेहमीच्या मशीनवरही चांगलं होतं. त्यासाठी कर्ज काढू नकोस.

बेलापूरकर

मोगरा, तुझे बाबा आणि तू परळला याल तेव्हा इथे निरोप टाक. मी हार्बरने येतो. रांगेत उभं राहणं हे माझं आता कौशल्य आहे, आणि माझा चेहरा बघून लोक पुढे जाऊ देतात.

रिमझिम

खडूफळा, तुम्ही शिकवता कसं? टाळू नाही तर बोलणं? माझ्या भावाचं असंच ऑपरेशन व्हायचंय (वेगळा कॅन्सर), तो वकील आहे, त्याला तीच भीती.

खडूफळा

हा माझा आवडता विषय, बसा.

झाकण नसेल तर तोंड आणि नाक एकच खोली. प, ब, त, द म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते, ती कोंडतच नाही, नाकातून निघून जाते. मग ब चा म होतो आणि द चा न. ऑपरेशननंतर तात्पुरतं झाकण सैल होतं त्या दिवसांत मोठे दीर भेटायला आले, मी म्हटलं 'दादा, बसा' आणि ऐकू गेलं 'नाना, मसा'. दादा आम्हाला एकच, नाना म्हणजे सासरे, ते पलीकडच्या खोलीतून 'काय गं?' करत आले. माझा भाचा मला 'बाबा म्हणून दाखव' म्हणायचा आणि मी 'मामा' म्हटलं की लोळायचा.

झाकण नीट बसलं की हे जवळजवळ सगळं जातं. तीन टप्प्यांत करतात, ऑपरेशनच्या वेळी एक, जखम आटेपर्यंत तात्पुरतं, आणि काही महिन्यांनी पक्कं. प्रॉस्थोडॉन्टिस्ट म्हणून जो दातांचा डॉक्टर असतो तो करतो आणि तो चांगला मिळणं हे नशीब नाही, शोधायचं काम आहे. माझ्या डॉक्टरांनी बारा वेळा घासून बसवलं, दर वेळी मला सतराचा पाढा म्हणायला लावायचे कारण त्यात त आणि स दोन्ही येतात.

वर्गात पहिल्या दिवशी मीच सांगते, मुलांनो बाईंच्या तोंडात एक झाकण आहे, कधी सटकलं तर बाई फळ्याकडे तोंड करतील, तेवढ्यात गोंगाट करायचा नाही. मुलांना काहीच वाटत नाही. स्टाफरूमला वाटतं. ओला खोकला आला, शिंक आली की जरा पंचाईत. चहा कधी कधी नाकातून. दर जेवणानंतर काढून धुवायचं, म्हणून लग्नात मी पंगत उठायच्या आधी उठते आणि लोक म्हणतात बाई फार कमी जेवतात.

भावाला सांगा, तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. शेकांनी जबड्याचे स्नायू आखडतात आणि मग चमचाही जात नाही. आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, रोज एखादी वाढवायची. मी ११ काड्यांपासून सुरुवात केली होती, १९ पर्यंत पोचले. अजून दिवसातून दोनदा करते, एक खाडा केला की दुसऱ्या दिवशी काडी कमी होते.

रिमझिम

सतराचा पाढा त्यालाही येत नाही, आताच पाठ करायला सांगते.

एडिसनकर

बायको हे वाचतेय आणि म्हणतेय की 'होता की आहे' याला तिचं उत्तर आहे : 'माझ्याकडे असतो'. जसा दमा असतो, मायग्रेन असतो. म्हटलं स्वतः लिही. तर म्हणाली लिहिलं की, तूच तर टाइप केलंस.

खडूफळा

'असतो'. रीती वर्तमानकाळ! वहिनींना साष्टांग. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला यावर वाद घालता येत नाही, चिडलाय.

खडूफळा

चार महिन्यांनी धागा वर काढतेय. परवा परळला जाऊन आले. सीटीच्या आधीचे आठ दिवस नेहमीसारखेच, जरा खोकला आला की वाटतं झालं, मोठी झाली. पोळ्या करपतात, मुलांच्या वह्या तपासताना बरोबर उत्तराला फुली जाते. या वेळी एकाची आई येऊन भांडली, रास्तच होतं.

मोठी गाठ आता १० मिमी. डाव्या बाजूला एक नवीन, बारकी. डॉक्टर म्हणाले या वेगाला औषध नको, सहा महिन्यांनी या. एखादीच पुढे पळायला लागली तर तेवढीच काढू किंवा तिला नेमका शेक देऊ. मी विचारलं सहामाही परीक्षेच्या आत येऊ का नंतर. ते म्हणाले नंतर. दादरला उतरून साबुदाणा वडा खाल्ला, दह्यात बुडवून.

मोगरा, तुझं काय?

मोगरा_देवरुख

ताई, मीच लिहिणार होते. ऑपरेशन झालं, खालच्या ओठाचा कोपरा थोडा वाकडा झालाय, म्हणतात सुधारेल. जाळीचा प्रकार निघाला, घावन. बाबांना सांगितलं. ते म्हणाले मला त्याच दिवशी कळलं होतं, तू घाबरशील म्हणून मी बोललो नाही. मला मेलीला महिनाभर झोप नव्हती!

बेलापूरकर काका तीनदा आले. आम्ही दादरलाच राहतोय. आज सतरावा शेक झाला. तोंड आलंय, चव गेली, मऊ भात आणि ताक एवढंच जातं, मिठा-सोड्याच्या पाण्याने दिवसभर गुळण्या चालू आहेत. काड्यांचा व्यायाम सांगितलाय. एकच विचारायचंय, त्या काड्या नुसत्या मिळतात का? बाबा म्हणतायत की उपचारासाठी १९ कुल्फ्या खाव्या लागल्या तरी त्यांची तयारी आहे.

खडूफळा

मेडिकलमध्ये पाकीट मिळतं. पण त्यांना सांगू नकोस.